चिंधी न बांधलेला पट्टा

वहिनींची तांबडी गाय कोवळं कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, खाऊन मेली, असं आमच्या घरात, गल्लीत आणि दूध डेअरीवर सगळे धरून चालले होते. ते खरं नव्हतं. ती माझ्यामुळे मेली. गवताला मी नको तेव्हा, नको तेवढा युरिया टाकला आणि तो टाकल्याची खूण ठेवली नाही. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, तेव्हा खोटं सांगितलं. यातली पहिली गोष्ट चूक म्हणता येईल. बाकीच्यांना काय म्हणायचं हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

मी सातपूरला एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. मशीनवरून उतरलेला माल मापात बसतो की नाही हे बघायचं आणि बसत नसेल त्याला लाल चिठ्ठी लावून बाजूला काढायचं, हे माझं काम. पंचवीसएक वर्षं तेच करतो आहे. आमचं गाव सायखेडा. तिथली शेती माझा मोठा भाऊ बघतो. द्राक्षं त्याची, गोठा वहिनींचा. माझ्या वाट्याला फक्त रविवार येतो.

गोदावरीकडच्या बाजूला आमचा एक उतरता तुकडा आहे. पावसाळ्यात पाणी वर चढलं की त्यात दोन-चार दिवस चिखल राहतो, म्हणून दादानं तिथं द्राक्ष लावली नाहीत. नुसतं गाजरगवत माजायचं. वहिनींना मात्र दोन गायींसाठी कुणाकुणाच्या बांधावरून चारा आणावा लागायचा. मी म्हटलं, हा तुकडा मला द्या, मी इथं गवत करतो. हत्तीगवत लावलं. एकदा लावलं की कापत राहायचं आणि ते फुटत राहतं.

त्या गवताचा मला नाद लागला. आता लिहिताना लाज वाटते, पण लागला खरा. मी माती तपासून आणली. एका प्रशिक्षणाला दोन दिवस रजा टाकून जाऊन बसलो. तिथं जे शिकलो ते माझ्या डोक्यात कारखान्याच्या हिशेबासारखंच बसलं. प्रत्येक कापणीला गवत जमिनीतून काय काय उचलून नेतं, त्यातलं किती शेणामुतातून परत येतं आणि मधे तूट किती राहते, एवढं बघायचं. गोणीतून फक्त ती तूट भरायची. जास्त दिलं तर गवत नुसतं माजतं, आडवं पडतं, उरलेलं पाण्याबरोबर नदीत जातं. हे मी येईल त्याला सांगायचो. कारखान्याच्या कँटीनमध्येसुद्धा सांगायचो. लोक ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जायचे.

मी तुकड्याचे पट्टे पाडले होते. एक पट्टा कापून झाला की पाणी द्यायचं, ओलीवर खत द्यायचं, मग पुढचा पट्टा. गोठ्याला लागून असलेला पहिला पट्टा वेगळा धरला होता. गोठा धुतलेलं पाणी, मूत, शेणाचा राबडा सगळं चारीनं त्याच्यात उतरायचं. त्या पट्ट्याला गोणीतलं खत जवळजवळ नकोच, असं माझ्याच नियोजनात होतं. हे मी मुद्दाम सांगतो आहे. मला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

आणि चिंधी. ती कल्पना कारखान्यातून आली. लाल चिठ्ठी लावलेल्या मालाला आमच्याकडं कुणी हात लावत नाही. मी वहिनींची एक जुनी लाल साडी मागून घेतली आणि तिच्या चिंध्या केल्या. ज्या पट्ट्याला खत दिलं त्याच्या टोकाला काठी रोवून चिंधी बांधायची. चिंधी आहे तोवर त्या पट्ट्याला विळा लावायचा नाही. गवत नीट वाढून, खत पचवून तयार झालं की मी ती सोडणार. बांधणारा मी आणि सोडणाराही मीच.

दादाला ही मोठी करमणूक झाली होती.

"आले का सातपूरचे साहेब? घ्या गवताची हजेरी."

"दादा, हे असंच करतात आता सगळीकडं."

"करत असतील. पन गवताला चमच्यानं युरिया पाजणारा मानूस मी पहिल्यांदाच पाहतोय. अरे, टाक की दोन मुठी जास्तीच्या. गवत हाय ते, तुझ्या कारखान्यातलं नटबोल्ट नाय."

वहिनी हसायच्या नाहीत. त्या चिंधी पाळायच्या. एकदा वादळी वाऱ्यानं एक चिंधी उडून गोठ्याच्या कुडाला अडकली, तर त्यांनी मला कामाच्या वेळेत फोन केला. "भाऊजी, तुमची एक चिंधी उडून आलीय. कोणत्या पट्ट्याची व्हती? मी आज गवत कापलंच नाय, कडबा टाकलाय." त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. आपलं कुणी एवढं ऐकतं याचं बरं.

तो सप्टेंबरचा शेवट होता. पंधरा दिवस ऊन असं पडलंच नव्हतं. दिवसभर ढग, मधेच एखादी सर, पुन्हा ढग. त्या रविवारी मी गेलो तर गोठ्यालगतचा पहिला पट्टा पिवळट पडलेला. आधी नावापुरतं खत दिलं होतं त्याची चिंधी मी दोन रविवार आधीच सोडली होती. कापायला थोडंच कमी होतं. तो का पिवळा पडला हेही मला दिसत होतं. खालच्या अंगाला पाणी तुंबलं होतं. फावडं घेऊन एक चर मारला असता तर पाणी निघून गेलं असतं आणि चार दिवस ऊन पडलं असतं तर गवत आपोआप सावरलं असतं. ढगाळ हवेत नत्र, म्हणजेच युरिया, द्यायचं नाही. ऊन नसलं की गवत ते ओढून घेतं, पण त्याला पचवता येत नाही. ते तसंच काडीत साठून राहतं, आणि असं गवत भुकेल्या जनावरानं भरपूर खाल्लं तर त्याच्या रक्तातली हवा वाहायची ताकद जाते. जनावर उघड्यावर उभं असून गुदमरतं. प्रशिक्षणात हे ज्या दिवशी सांगितलं, त्याच संध्याकाळी मी ते घरी येऊन सगळ्यांना सांगितलं होतं.

मी फावडं आणायला वळलो तेवढ्यात बांधावरून दादा आला. त्याच्याबरोबर शेजारचे दोघे होते.

"काय साहेब, गवताला कावीळ झाली का?" दादा म्हणाला. "डॉक्टर बदला."

शेजारचे हसले. त्यांतला एक म्हणाला, "दवाखाना सातपूरला, पेशंट सायखेड्याला. कसं जमायचं?"

मीही हसलो. ते गेले. पुढच्या रविवारी कारखान्यात मालाची मोजदाद होती, सगळ्यांना यायला सांगितलं होतं. म्हणजे मी पंधरा दिवस येणार नव्हतो आणि पंधरा दिवस तो पिवळा पट्टा दादाच्या डोळ्यांसमोर राहणार होता. फावडं तिथंच टेकवून मी दादाच्या द्राक्षांच्या शेडमध्ये गेलो आणि त्याच्या उघड्या गोणीतून घमेलं भरून युरिया आणला. मोजला नाही. दोन रविवारचं एकदम देऊन टाकू, असा काहीतरी विचार मनात होता. जमिनीला रविवार कळतो अशा थाटात मी तो मुठी भरभरून फेकला. वरून बारीक पाऊस सुरू झाला. दाणे विरघळून जाताना दिसत होते. मला बरंही वाटलं.

मग चिंधी बांधायची होती. चिंध्या गोठ्यात खुंटीला टांगलेल्या असायच्या. मी आत गेलो, एक हातात घेतली आणि परत टांगली. तिथं चिंधी दिसली असती तर दादानं विचारलं असतं की याला तर खत लागत नाही ना, मग पुन्हा चिंधी कशी? आणि मग 'शेवटी टाकलाच ना युरिया' म्हणून वर्षभर मला ऐकावं लागलं असतं. तेवढ्यासाठी. मी वहिनींना सांगू शकत होतो. त्या भाकरी करत होत्या, मी चुलीपुढंच बसून जेवलो. "वहिनी, पहिला पट्टा इतक्यात कापू नका," एवढं एक वाक्य. विचारलं असतं तर पाणी तुंबलंय म्हणून सांगता आलं असतं. पण मी घाईत होतो, अंधार पडायच्या आत गाडी काढायची होती, आणि मला वाटलं, मंगळवारी फोन करून सांगू.

मंगळवारी फोन केला नाही.

पुढचा रविवार मोजदादीत गेला. त्यानंतरच्या बुधवारी दुपारपाळीला मी मशीनजवळ उभा होतो आणि दादाचा फोन आला. आवाजावरूनच कळलं.

"तांबडी खाली बसली रे. उठंना. तोंडातून फेस येतोय. डॉक्टर आलेत."

तांबडी दुभती होती, तिच्या मागं चार-पाच महिन्यांची कालवड होती. दुसरी बांडी गाय त्या वेळी आटलेली होती, तिला नुसती वाळली वैरण असायची. हिरवं सगळं तांबडीला.

"काय खाल्लं तिनं?" मी विचारलं.

"सकाळी कडवळ घातलं हिनं. मग दिवसभर ही कांद्याच्या रोपात. आल्यावर गवत टाकलं. उपाशी व्हती, सगळं फस्त केलं."

"कोणत्या पट्ट्यातलं?" हा प्रश्न मी विचारला नाही. मला उत्तर माहीत होतं. चिंधी नसलेल्या पट्ट्यातलं.

फोनवर डॉक्टर आले. "गवताचं तुम्ही बघता का? त्याला युरिया कधी दिला होता? आठ-दहा दिवसांत दिलाय का?"

मशीनचा आवाज होता. शेजारी आमचा एक जण उभा होता. दादाचा फोन स्पीकरवर असावा, मागं वहिनींचं रडणं मला ऐकू येत होतं. मी म्हणालो, "नाही. महिना झाला."

"नक्की?"

"हो. चिंधी बघा ना. नाहीये तिथं."

हे शेवटचं वाक्य मला झोपेत ऐकू येतं. मी नुसतं खोटं बोललो नाही, त्याला पुरावाही दिला.

डॉक्टर मागं कुणाला तरी म्हणाले, "मग कडवळाचंच. किराळ लागली." कोवळ्या ज्वारीच्या विषबाधेला आमच्याकडं किराळ लागणं म्हणतात. त्यावरचं औषध वेगळं आणि मी जे टाकलं होतं त्यावरचं वेगळं. फोन बंद झाला. मी मशीनवरून उतरलेला एक तुकडा उचलला, मोजला, खाली ठेवला. पुन्हा तोच उचलला. दिवस मावळायच्या आत दादाचा मेसेज आला, 'गेली'.

नंतर मी गावाच्या वाटेवर चांदोरीच्या बाजूला एका दुसऱ्या जनावरांच्या डॉक्टरांना भेटलो. म्हटलं, समजा एखाद्यानं युरियाचं वेळेवर सांगितलं असतं, तर गाय वाचली असती का?

"तुमची गाय का?"

"नाही. ओळखीतल्यांची."

ते म्हणाले, "लवकर कळलं तर काही वाचतात. काही नाही वाचत. आता कसं सांगणार?"

मला 'नाही' हवं होतं. 'हो' आलं असतं तरी चाललं असतं, निदान एका जागी बसता आलं असतं. हे असं मधलं उत्तर घेऊन मी फिरतो आहे.

गाय गेल्यानंतरचा रविवार उजाडेपर्यंत मी घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. बायको म्हणाली, "गाय त्यांची गेली आणि ताप तुम्हाला आल्यासारखा दिसतोय." मी तिलाही सांगितलं नाही.

सायखेड्याला गेलो तर पहिला पट्टा असा काळपट हिरवा झाला होता की बाकीचं गवत त्याच्यापुढं आजारी वाटावं. शेजारचा तोच माणूस बांधावरून म्हणाला, "सावरलं की हो गवत." मी विळा घेतला आणि सगळा पट्टा कापून उकिरड्यावर टाकायला लागलो.

वहिनी गोठ्याच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "चांगलं गवत का टाकता भाऊजी?"

"कीड आहे याला."

"मला कुठं दिसंना."

"बारीक असते."

 मग म्हणाल्या, "मला बाई कापतानाच वाटलं व्हतं, कडवळ जरा कोवळं हाय म्हणून. पन घातलं. माझ्याच हातानं घातलं."

तेव्हा बोलायला हवं होतं. विळा माझ्या हातात होता, आजूबाजूला कुणी नव्हतं, त्या माझ्यापासून चार हातांवर होत्या. मी खाली वाकलो आणि पुढची पेंडी कापली.

त्यानंतर वहिनी बदलल्या. कडवळ तर त्यांनी उपटूनच टाकलं. गवताचीही त्यांना भीती बसली. पेंडी उचलून हुंगायच्या, काडी मोडून बघायच्या, शेवटी ठेवून द्यायच्या आणि बांडीपुढं कडबा टाकायच्या. कालवडीला शेजारून आणलेलं दूध बादलीतून पाजायचं तर ते आधी स्वतः चाखायच्या. बांडीला दिवस गेले होते, तिला हिरव्याची गरज होती. ती हडकायला लागली. दादाला ते बघवेना.

"उपाशी मारशील हिला पण," तो माझ्यासमोर वहिनींना म्हणाला. "एक खाऊ घालून मारली, ही उपाशी ठेवून."

 वहिनी माहेराहून येताना गाय घेऊन आलेल्या बाई. तांबडी त्याच गायीच्या वंशातली. गावात कुणाची गाय अडली तर रात्री-अपरात्री त्यांना बोलावणं यायचं. तो गोठा म्हणजे त्यांचं घरातलं एकमेव स्वतःचं राज्य होतं आणि आता त्या तिथं चोरासारख्या वावरत होत्या.

मी दर रविवारी ठरवून निघायचो. सातपूरहून गाडी काढली की वाक्य तयार करायला लागायचो. चांदोरी येईपर्यंत ते चांगलं जमलेलं असायचं. गोदावरीचा पूल ओलांडला की त्यातले शब्द गळायला लागायचे. एका रविवारी तर मी पुलावर गाडी थांबवली, कठड्याला टेकून खालचं गढूळ पाणी बघितलं आणि तसाच परत फिरलो. घरी सांगितलं, टायर पंक्चर झालं. दुसऱ्या एका रविवारी दादाजवळ विषय काढला. म्हटलं, "दादा, ते कडवळाचंच असेल असं नाही." तो म्हणाला, "जाऊ दे आता. तू तिची बाजू घेऊ नको, तिला आणखी वाईट वाटतं." मी विषय सोडला. वर माझा चांगुलपणा दिसला.

कारखान्यातही धड लक्ष लागेना. एका पेटीतला माल मापात होता, तरी मी त्याला लाल चिठ्ठी लावून ठेवली. वरिष्ठांनी विचारलं, काय बिघडलंय?  चांगल्या मालावर माझ्या हातची चिठ्ठी होती. मी उभ्याउभ्याच ती फाडली.

दिवाळीच्या आठवड्यात दादाचा फोन आला. "बांडी आणि कालवड दोन्ही देऊन टाकतोय. व्यापारी बघून गेला. आज नेत होता, मी म्हटलं वसुबारस होऊ दे, धनतेरसला सकाळी ने."

"वहिनी काय म्हणतात?"

"काय म्हणणार? तीच म्हणाली, माझ्या हाताला आता जनावर लागत नाय, देऊन टाका."

मी त्या दिवशी पाळी अर्धी सोडली. वसुबारस होती. कुणाला काही न सांगता गाडी काढली आणि या वेळी वाक्य तयार केलं नाही. पुलावर थांबलोही नाही. थांबलो असतो तर परत फिरलो असतो, हे मला ठाऊक होतं.

पोहोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. वहिनींनी गोठ्यापुढं सडा टाकून रांगोळीची गोपावलं काढली होती. वसुबारसेला गाय-वासराची जोडी पुजतात. बांडीजवळ वासरू नव्हतं आणि कालवडीला आई नव्हती. वहिनींनी दोघींना एका खुंट्याला बांधलं होतं. कालवड बांडीच्या कासेशी तोंड घालायला बघायची, बांडी पाय झाडायची, आणि वहिनी "अगं, र्‍हाऊ दे आजच्या दिवस" म्हणून बांडीची पाठ थोपटत होत्या. आत बाजरीच्या भाकरी आणि गवारीची भाजी झाल्याचा वास येत होता. दादा ओट्यावर बसून फोन बघत होता.

"अरे, आज बरा आलास? सुट्टी का?"

"नाही. सांगायला आलोय."

"काय?"

मी ओट्यावर बसलो नाही. बसलो असतो तर आधी पाणी आलं असतं, चहा आला असता. उभ्यानंच म्हणालो, "तांबडी कडवळानं गेली नाही. पहिल्या पट्ट्याला मी युरिया टाकला होता. भरपूर. ढग असताना. चिंधी बांधली नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा महिना झाला म्हणून खोटं सांगितलं. आठ-दहा दिवसच झाले होते."

दादानं फोन खाली ठेवला. "तू?"

"हो."

"आन् ते गवत उकिरड्यावर टाकलं, कीड म्हणून?"

"कीड नव्हती."

तो उठला. मला वाटलं मारतो. पण तो माझ्याकडं बघतच नव्हता, गोठ्याकडं बघत होता. "आन् मी हिला काय काय बोललो," तो म्हणाला. मग माझ्याकडं वळून, "चिंधी का नाय बांधली? सांग ना. एवढा चिंधीवाला तू."

"तू हसशील म्हणून."

"मी हसंन म्हणून!" तो म्हणाला, आणि परत खाली बसला. "अरे हसलो असतो. दोन दिस हसलो असतो. मेला असतास का?"

वहिनी पूजेचं ताट हातात घेऊन तशाच उभ्या होत्या. निरांजन अजून लावलेलं नव्हतं. त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. त्यांनी एकच विचारलं.

"म्हंजी कडवळ चांगलं व्हतं?"

"चांगलं होतं वहिनी. निसवलेलं होतं, कणसं आलेलं. त्याला काही होत नाही."

"मला वाटलं कोवळं व्हतं."

"ते तुम्हाला नंतर वाटलं. सगळे म्हणायला लागल्यावर."

त्यांनी ताट खाली ठेवलं. कुडाला अडकवलेला विळा काढला आणि गवताकडं निघाल्या. मी मागं गेलो. म्हटलं, "तिसरा पट्टा घ्या, त्याला दीड महिन्यात काही—"

"तुम्ही नका सांगू," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "मी बघते."

त्यांनी पट्ट्यापट्ट्यातून जाऊन बघितलं. काडी मोडली, पान हातावर घासलं, एका जागी थांबून थोडंसं कापलं. पेंडी घेऊन आल्या आणि अर्धी बांडीपुढं, मूठभर कालवडीपुढं टाकली. बांडीनं मान खाली घातली आणि खायला लागली. कितीतरी दिवसांनी हिरवं मिळालं होतं तिला. वहिनी तिचं खाणं बघत उभ्या राहिल्या, विळा हातातच. दादाही बघत होता. काही वेळानं वहिनी त्याच्याकडं न बघता म्हणाल्या, "उद्या त्या व्यापाऱ्याला येऊ नको म्हणून सांगा."

"सांगतो," दादा म्हणाला. आणि लगेच फोन उचलून ओट्याच्या टोकाला गेला.

वहिनींनी निरांजन लावलं. दोघींच्या पायांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं, ओवाळलं. मी बाजूला चप्पल काढून उभा होतो. मी सगळं सांगून टाकलं होतं, पण सांगणं म्हणजे माफी मागणं नव्हे, हे मला तिथं उभं राहिल्यावर कळत होतं. जे झालं ते मी दादाकडं तोंड करून सांगितलं होतं. वहिनींकडं बघून माफीचा एक शब्दही अजून बोललो नव्हतो. त्या ताट घेऊन आत जायला वळल्या तेव्हा मी वाटेत उभा राहिलो.

"वहिनी," मी म्हणालो, "गाय माझ्यामुळे गेली आणि ते मी तुमच्या नावावर जाऊ दिलं. तुम्ही स्वतःला दोष देत होता, तो मी उभा राहून ऐकला. मला माफ करा. उद्या सकाळी मी डेअरीवर जातो आणि तिथं सगळ्यांसमोर हेच सांगतो."